चर्चला झेंडू चालतो का?

कार्तिकी पौर्णिमेची कपिलधारची यात्रा झाली की आमच्याकडच्या झेंडूला विचारणारं कुणी राहत नाही. दसरा-दिवाळी होऊन गेलेली असते, तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत थोडा माल जातो, आणि पौष लागला की तोडणीची मजुरीसुद्धा अंगावर येते. मागच्या पौषात मात्र उशिराच्या लावणीचा माझा माल एका लग्नाला गेला. नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं) एक खेडं, आणि लग्न तिथल्या चर्चमध्ये. क्रेट भरताना शेजारचे बापू म्हणाले, “काय रे, चर्चला झेंडू चालतो व्हय? ते तर आपलं दसऱ्याचं फूल.”

“त्यांनीच मागितलाय बापू,” एवढंच मी तेव्हा बोललो. पण प्रश्न डोक्यात राहिला. माल पोचवायला गेलो तो सजावटीला रात्रभर थांबलो, आणि पुढं हिवाळाभर मिळेल ते वाचत गेलो. शेतीच्या पानावर चर्चचा इतिहास कशाला, असं काहींना वाटेल. पण आपण पिकवलेलं फूल कुणाच्या दारात चालतं, कुणाच्या नाही आणि हे ठरवतं कोण, हा फूल पिकवणाऱ्याचाच प्रश्न आहे.

आधी चर्च कसं होतं ते सांगतो. सिनेमात दिसतं तसं काही नाही. रंगीत काचा नाहीत, पुतळे नाहीत, मेणबत्त्यांच्या रांगा नाहीत. शाळेच्या वर्गासारखी लांबट खोली, जाड दगडी भिंती, आतून पांढरा चुना, वर पत्रा. समोर हातभर उंच चौथरा, त्यावर एक मेज, मागच्या भिंतीवर लाकडी क्रूस. मागं काही बाकं, पुढं सतरंज्या. बाहेर लोखंडी खांबाला टांगलेली घंटा. बस्स.

नवरीचे मामा माझ्या ओळखीचे, कांद्याच्या बाजारातली ओळख. त्यांनी आल्याआल्या सांगितलं, “दादा, भिंतीला खिळा मारायचा नाही, क्रूस झाकायचा नाही, आणि प्रभुभोजनाच्या मेजावर पाकळी सांडायची नाही. बाकी तुम्ही जाणा.” हे तीन नियम ऐकून मला आधी वाटलं, आता सजवायला राहिलं काय? पण दोन तासांत लक्षात आलं की अशी कोरी जागा सजवणं हॉलपेक्षा सोपं असतं. पांढऱ्या भिंतीपुढं नारंगी झेंडू असा उठून दिसतो की माल निम्मा लागतो.

खिळा नाही म्हणून बांबूच्या दोन चौकटी केल्या, आपल्या पायावर उभ्या राहतील अशा, आणि चौथऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. त्यांवर पांढरी शेवंती आणि निशिगंध. मधली जागा मोकळी, क्रूस दिसला पाहिजे. बाकांच्या टोकांना सुतळीनं अशोकाची डहाळी आणि शेवंतीचा एकेक झुपका. दाराला दोन केळीचे खांब, आणि वर आंब्याच्या पानांचं नि झेंडूचं तोरण. हो, तोरणच. मामांच्या घरातल्या बायका ते तोरण ओवत बसल्या होत्या, आणि एक म्हातारी आजी पानं मोजून घेत होती. पानं विषम पाहिजेत की सम, यावर बराच वेळ वादही झाला.

म्हणजे बापूंच्या प्रश्नाचं एक उत्तर तिथंच मिळालं. झेंडू चालतो. आता पुढचा प्रश्न पडला. ज्यांचं देऊळ इतकं कोरं, त्यांच्या दाराला तोरण आलं कुठून?

कोरेपणाचं कारण अमेरिकेत आहे. नगर जिल्ह्यात ज्या मिशननं सगळ्यात जास्त काम केलं ते अमेरिकन मराठी मिशन. त्यांची मूळ संस्था १८१० साली अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात निघाली, पहिले मिशनरी १८१३ ला मुंबईत उतरले, आणि १८३१ ला अहमदनगरला ठाणं झालं. न्यू इंग्लंडमधले हे लोक प्युरिटन परंपरेतले. त्यांच्या पूर्वजांनी इंग्लंडातून निघताना रोमन कॅथलिक थाटमाटाशी काडीमोड घेतला होता. मूर्ती नको, चित्र नको, सण नको. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली तर नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावणारा कायदा केला, तो १६८१ पर्यंत टिकला. लग्न हा त्यांच्या दृष्टीनं धर्मविधीच नव्हता. प्लिमथच्या वसाहतीतलं पहिलं लग्न १६२१ ला लागलं ते धर्मगुरूपुढं नाही, न्यायाधिकाऱ्यापुढं. करार करावा तसं लग्न केलं आणि कामाला लागले. त्यांच्या प्रार्थनेच्या इमारतीला ते चर्चसुद्धा म्हणत नसत, सभेचं घर म्हणत.

पुढच्या दोनशे वर्षांत हा कडकपणा बराच सैल झाला, पण पांढरी भिंत, मधोमध प्रवचनाची जागा आणि बाकी काही नाही, हा सांगाडा कायम राहिला. तोच गोदावरी-प्रवरेच्या काळ्या रानात आला. आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण घ्यायचं तर जालन्याजवळचं बेथेल. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. पुढं त्यांनी जालना भागात काम केलं आणि हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून हे ख्रिस्ती शेतकऱ्यांचं गाव वसवलं. ते स्कॉटलंडच्या मिशनचे, पण कोरेपणाच्या बाबतीत स्कॉटलंडवाले अमेरिकनांच्या मागं नव्हते.

आता ख्रिस्ती धर्माचं आणि फुलांचं भांडण तसं याहूनही जुनं आहे. इसवी सन २०० नंतर थोड्याच वर्षांत उत्तर आफ्रिकेतल्या टर्टुलियन नावाच्या लेखकानं डोक्यावर घालायच्या फुलापानांच्या मुकुटाविरुद्ध एक अख्खं पुस्तक लिहिलं. एका सैनिकानं असा मुकुट घालायला नकार दिला होता, त्याची बाजू घेऊन. त्याचा एक मुद्दा मला गमतीशीर वाटला. फूल डोळ्यांसाठी आणि नाकासाठी केलंय, डोक्यावर ठेवलं तर ना दिसतं ना वास येतो, मग उपयोग काय? खरं कारण वेगळं होतं. रोमन लोक देवांना, विजयाला, लग्नाला फुलांचे मुकुट घालत, आणि नव्या धर्माला जुन्या देवांची आठवण नको होती. पण लोकांनी ऐकलं नाही. पूर्वेकडच्या चर्चमध्ये आजही लग्नात नवरा-नवरीला मुकुट घालतात.

हीच गोष्ट आपल्या शेजारी, गोव्यात, जास्त कठोरपणे घडली. १७३६ साली तिथल्या इन्क्विझिशननं एक लांबलचक फर्मान काढलं. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी लग्नात काय करू नये याची ती यादी. लग्नाच्या देण्याघेण्यात विड्याची पानं, सुपारी, फुलं पाठवायची नाहीत. नवरा-नवरीला हळद लावायची नाही. घराजवळ तुळस लावायची नाही. यादी वाचताना माझ्या मनात आलं, यातली निम्मी नावं आपल्या पिकांची आहेत. पानमळा, हळद, सुपारी, फूल. धर्माच्या नावानं बंदी घातली ती पिकांच्या वापरावर.

आणि इतकं करूनही ते पुसलं गेलं नाही. वसईचे ख्रिस्ती शेतकरी बघा. १५३४ पासून १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत तिथं पोर्तुगीजांचं राज्य. तरी तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत लग्नाला मांडव पडतो आणि विहिरीवरून वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणतात. वसईची फुलं दादरच्या बाजारात कित्येक पिढ्या चाललीत. फूल पिकवणाऱ्यालाच लग्नात फूल वापरू नको म्हणायचं, हे कितीसं टिकणार?

पण नगरची गोष्ट वसईसारखी नाही. नगर आणि आसपासच्या भागात जे लोक ख्रिस्ती झाले ते मुख्यतः महार आणि मातंग समाजातले. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथं आहे, आणि चर्चच्या इतिहासावर जे थोडंफार वाचलं त्यात तो मला कुठं नीट भेटला नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

गावगाड्यात तोरण कोण करत होतं? दोर वळणं मातंगांचं काम, घायपाताचा वाख काढायचा, कासरे, नाडे, दावी त्यांच्या हातची. आमच्या भागातली जुनी माणसं सांगतात की पोळ्याला वेशीवर जे तोरण बांधायचं ते त्यांनीच आणायचं. गावच्या लग्नात हलगी-सनई त्यांची. म्हणजे गावाची शोभा यांच्या हातची आणि सूर यांच्या तोंडचा. पण ज्या वेशीला तोरण बांधायचं त्या वेशीच्या आत यांचं घर नाही, ज्या देवळापुढं वाजवायचं त्याच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. स्वतःच्या पोराची वरात घोड्यावरून गावातून न्यायची तर कित्येक गावांत मार बसायचा. हा काही फार जुना काळ नाही, आणि काही ठिकाणी अजून बातम्या येतात.

अशा माणसांना एक दगडी खोली मिळाली. तिला कळस नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही, पण तिचं दार त्यांचं होतं. आत जायला कुणाची परवानगी नव्हती. मग त्या दाराला त्यांनी तोरण बांधलं, यात मला जुन्या देवाची आठवण दिसत नाही. आजवर दुसऱ्याच्या दाराला बांधलं ते पहिल्यांदा स्वतःच्या दाराला बांधलं, एवढाच मला त्याचा अर्थ लागतो. हे माझं मत आहे, कुणा पंडिताचं नाही. पण ती आजी पानं मोजत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघितलं असतं तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

मिशनच्या कोऱ्या भिंतीत मराठी रंग भरायचं मोठं काम एका कवीनं केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, कोकणातला. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला येऊन राहिले. शाळेत ज्यांनी मराठी कविता वाचल्या त्यांना ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून माहीत असतात, ‘वनवासी फूल’ ही त्यांची कविताही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तर मराठीतलं अव्वल आत्मचरित्र. टिळकांचं म्हणणं असं की ख्रिस्ती होण्यासाठी परदेशी व्हायची गरज नाही. चर्चमध्ये इंग्रजी चालीवर भाषांतरित गाणी म्हणण्यापेक्षा अभंग म्हणा, भजन करा, कीर्तन उभं करा. त्यांची पदं ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. त्या लग्नातही पेटी, तबला आणि टाळ होते. माझ्यासारख्या कपिलधारच्या भजनात वाढलेल्या माणसाला परकं वाटलंच नाही.

कपिलधारचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कोरं देऊळ ही कल्पना आपल्यालाही नवीन नाही. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी सांगितलं तेही हेच होतं, श्रीमंत देवळं बांधतील, आम्हाला देह हेच देऊळ. इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, मध्ये भटजी नको, कळस नको. मन्मथस्वामींनी तोच विचार आपल्या मराठीत आणला, त्यांचा ‘परमरहस्य’ ग्रंथ घराघरांत वाचला जातो. आणि तरी कार्तिकीला जा, बालाघाटाच्या त्या दरीत स्वामींची समाधी फुलांखाली दिसेनाशी होते. लातूर, नांदेड, कर्नाटकातून दिंड्या येतात, कुणी बेल आणतो, कुणी हार. तत्त्वात कोरं आणि उत्सवात भरलेलं, हे आमच्याकडं सुखानं नांदतं. मग नगरच्या चर्चमध्ये ते का नांदू नये?

आता बापूंचं दुसरं वाक्य, “ते तर आपलं दसऱ्याचं फूल.” इथं बापू थोडे चुकले. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथले जुने लोक आपल्या देवांना तो वाहत. स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी तो १६ व्या शतकात बाहेर काढला, आणि आपल्याकडं पोर्तुगीजांच्या मार्गानं आला असं मानतात. म्हणजे कोलंबसाच्या आधीच्या आपल्या कुठल्याच दसऱ्याला झेंडू नव्हता. मेक्सिकोतले लोक आता बहुतेक कॅथलिक आहेत, आणि २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरी ते याच झेंडूनं झाकून टाकतात. आपल्याकडं ज्या बोटींतून पाद्री उतरले, त्याच वाटेनं झेंडू उतरला. पाद्र्यांना परकं म्हणायचं आणि झेंडूला आपलं, हा न्याय मला झेपत नाही.

चौकटीवर लावलेला निशिगंधही मेक्सिकोचाच. शेवंती चीनकडची. हॉलमध्ये हमखास दिसणारे जरबेरा आणि ग्लॅडिओलस दक्षिण आफ्रिकेचे. त्या अख्ख्या सजावटीत जन्मानं आपलं असं सांगता येईल ते फूल नाहीच, आंब्याचं आणि अशोकाचं पान.

बापूंना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग दसऱ्याला लोकांनी घेऊ नये असं सांगतोस का आता?” बापूंपुढं बोलायची सोय नाही.

आता धंद्याचं, कारण कृषी विभागातले आणि विद्यापीठातले काही जाणकारही इथं वाचतात, त्यांच्या सूचना हव्यात.

ख्रिस्ती लग्नाला मुहूर्त नसतो. पौष, अधिक महिना, चातुर्मास ही आपली बंद दारं त्यांच्याकडं उघडी असतात. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ बहुतेक मंडळ्या टाळतात, तो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. म्हणून त्यांची गर्दी नाताळ ते जानेवारी आणि मग उन्हाळी सुट्टीत मे महिन्यात. नाताळ ते जानेवारी हाच आपल्या झेंडूचा पडीचा काळ. हिशोब तुम्हीच लावा. ऑक्टोबरच्या मध्याला लावण केली तर दोन महिन्यांनी फूल हाती येतं, आणि थंडीत ते टिकतंही. मे मधल्या लग्नाला आमच्या उन्हात झेंडू बारीक पडतो, तिथं पाना-खांबावर भर द्यावा.

दुसरी गोष्ट वेळेची. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात, काही अपवाद सोडले तर, लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ यातच लागावं असं कलम आहे. बहुतेक लग्नं सकाळी दहा-अकराला. म्हणजे सजावट रात्रीच उरकावी लागते आणि फूल आदल्या संध्याकाळी तोडलेलं हवं. आम्ही चार वाजल्यानंतर तोडणी केली, पूर्ण उमललेलीच फुलं घेतली, सावलीत पसरून उष्णता जाऊ दिली आणि ओल्या गोणपाटाखाली क्रेट नेले. फुलांवर पाणी मारून क्रेट गच्च भरले तर मधली फुलं काळी पडतात, हे फूल पिकवणाऱ्यांना सांगायला नको, पण सजावटवाले नेमकं तेच करतात. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीला ओला झेंडू टेकला की पिवळा डाग पडतो, म्हणून चौकट भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा. वाटेवर पाकळ्या पसरू नयेत, पायाखाली चिरडून फरशीवर डाग राहतो आणि म्हातारी माणसं घसरतात.

मामांनी आधी एका सजावटवाल्याकडून प्लॅस्टिकच्या फुलांचा भाव घेतला होता. खऱ्या फुलांपेक्षा स्वस्त, आणि तीच फुलं तो दहा लग्नांत फिरवतो. त्याच्याशी भावात आपण जिंकत नाही. आम्ही जिंकलो ते या हिशोबावर की जागा कोरी आहे, फूल कमी लागतं, आणि ओवायला घरच्या बायका आहेत. एकूण माझा झेंडू सात क्रेट, शेवंती तीन, निशिगंध बाजारातून घेतला. केळीचे खांब आणि आंब्याची डहाळी त्यांच्याच गावची. खांब लग्नानंतर तिथल्या गुरांपुढं गेले, तोरण मात्र कुणी काढू दिलं नाही. मामांचा परवा फोन होता, वाळलंय पण अजून दारावर आहे म्हणाले, आणि पुढच्या नाताळाला दोन लग्नं सांगून ठेवलीत. यंदा पंधरा गुंठे झेंडू ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावतोय. थंडीत निशिगंध आमच्या भागात कुणी घेत असेल तर दांड्याची लांबी किती मिळते ते कळवा.